ताऱ्यांभोवतीचा ‘वसतियोग्य पट्टा’ : व्याख्येच्या पुढे नेऊन कसा शिकवावा?

उत्तररात्र (धाग्याची सुरुवात)

नमस्कार. मी तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना विज्ञान शिकवते. ताऱ्यांभोवतीच्या वसतियोग्य पट्ट्याचा विषय दरवर्षी येतो आणि दरवर्षी तो वर्गात इतका सहज पार पडतो की आता मला त्याचीच काळजी वाटू लागली आहे. ग्रह ताऱ्याच्या फार जवळ असेल तर पाण्याची वाफ होते, फार दूर असेल तर बर्फ होतो आणि मधल्या पट्ट्यात पाणी द्रवरूपात राहू शकते, हे मुलांना एका तासात समजते. निदान समजल्यासारखे वाटते.

गेल्या आठवड्यात मी त्यांना एकच प्रश्न विचारला : आपला चंद्र सूर्याच्या वसतियोग्य पट्ट्यात आहे की नाही? बहुतेक मुलांनी ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि कारण विचारल्यावर ‘तिथे हवा नाही, पाणी नाही, म्हणून’ असे सांगितले. चंद्र सूर्यापासून जवळजवळ पृथ्वीइतक्याच अंतरावर आहे, म्हणजे तो पट्ट्याच्या आतच आहे. तरीही त्याच्या विषुववृत्तावर दिवसा तापमान १२० अंश सेल्सियसच्या आसपास जाते आणि रात्री उणे १३० अंशांच्याही खाली उतरते. पट्टा अंतरावरून ठरतो हे मी फळ्यावर लिहून दिले होते. मुलांनी मात्र पट्ट्यात असणे म्हणजे जीवसृष्टी असणे, अशी मनाशी गाठ बांधून घेतली होती.

त्यानंतर मी थोडे गणित करून पाहिले. पृथ्वीजवळ सूर्याची ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट मिळते. अंतर दुप्पट झाले की ती चौथा हिस्सा होते, हा व्यस्त वर्गाचा नियम मुलांना माहीत आहे. त्यावरून त्यांनी शुक्राजवळ पृथ्वीच्या १.९ पट आणि मंगळाजवळ ०.४३ पट ऊर्जा मिळते हे स्वतः काढले. इथपर्यंत वर्ग रंगला होता. मग एका मुलीने विचारले की शुक्र ४६० अंशांपर्यंत तापतो तो या १.९ पटीमुळेच का, आणि मी ‘हरितगृह परिणामामुळे’ असे एका शब्दात उत्तर देऊन पुढे गेले. ते उत्तर मला अजून सलते आहे. तो शब्द मी दिला, पण त्याने तिला समजले काहीच नाही.

हा विषय शिकवणाऱ्या किंवा त्याचा अभ्यास असणाऱ्या सभासदांना माझी विनंती आहे की त्यांनी आपला क्रम सांगावा. गणित आधी घ्यावे की ग्रहांची तुलना आधी करावी? आणि पट्ट्याची कल्पना पक्की करतानाच तिच्या मर्यादा दाखवल्या तर मुले गोंधळतात का?

---

वेधकर्ता

तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न हाच या पाठाचा कणा आहे असे मला वाटते, म्हणून त्याचे उत्तर गणितानेच द्यावे असे सुचवतो.

सूर्याची ऊर्जा ग्रहापर्यंत किती पोहोचते हे तुम्ही काढलेच आहे. आता त्यातली किती परत फेकली जाते हे विचारा. पृथ्वी सुमारे ३० टक्के प्रकाश परावर्तित करते. शुक्रावरचे दाट पांढरे ढग सुमारे ७५ टक्के परावर्तित करतात. म्हणजे पृथ्वीला मिळणारी ऊर्जा १०० मानली तर पृथ्वी ७० शोषते. शुक्राला १९१ मिळतात, पण तो त्यातल्या जेमतेम ४८ शोषतो. सूर्याच्या जवळ असूनही शुक्र पृथ्वीपेक्षा कमी सूर्यप्रकाश शोषतो, ही गोष्ट मुलांनी स्वतःच्या वहीत काढली की वर्गात शांतता पसरते, आणि त्या शांततेत शिकवायला फार चांगले असते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे समतोल तापमान. शोषलेली ऊर्जा आणि ग्रहाने अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकलेली ऊर्जा सारखी झाली की तापमान स्थिरावते. बाहेर टाकली जाणारी ऊर्जा केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. वातावरणाचा उष्णता रोखण्याचा गुण बाजूला ठेवून हे गणित केले तर पृथ्वीचे तापमान सुमारे २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश सेल्सियस येते. प्रत्यक्षातली सरासरी १५ अंशांच्या आसपास आहे. मधला ३३ अंशांचा फरक ही हरितगृह परिणामाची देणगी आहे. शुक्राचे समतोल तापमान उणे ४० अंशांच्या आसपास येते आणि प्रत्यक्ष पृष्ठभाग ४६४ अंशांवर आहे, म्हणजे फरक पाचशे अंशांहून मोठा. कारण तिथे पृथ्वीच्या सुमारे ९२ पट दाबाचे वातावरण आहे आणि त्यात ९६ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड आहे. मंगळाचे गणित उणे ६३ अंशांच्या आसपास येते आणि प्रत्यक्ष सरासरीही त्याच्या जवळच आहे, कारण त्याच्या विरळ हवेला उष्णता रोखता येत नाही.

या एका तक्त्यात ‘हरितगृह परिणाम’ हा शब्द वापरण्याआधीच त्याची गरज निर्माण होते. चौथ्या घाताचे समीकरण लहान मुलांना जड जात असेल तर तापमाने तयार देऊन फक्त गणिताचे आणि प्रत्यक्षाचे अंतर मुलांना काढायला लावावे.

---

शब्दपारखी

मी भाषेचा अभ्यासक आहे, खगोलशास्त्राचा नाही. तरीही एक मुद्दा मांडतो, कारण चंद्राच्या प्रश्नावर मुलांनी दिलेल्या उत्तराला आपला शब्दच अंशतः जबाबदार आहे असे मला वाटते.

‘वसती’ म्हटले की मराठी कानाला घरे, माणसे, चुलीचा धूर असेच काहीतरी ऐकू येते. ‘वसतियोग्य’ म्हणजे जिथे वसता येईल असे ठिकाण. त्यामुळे चंद्र ‘वसतियोग्य पट्ट्यात’ आहे हे वाक्य मुलाला चुकीचे वाटले तर त्यात त्याचा काय दोष? ‘जीवयोग्य’, ‘अधिवासयोग्य’, ‘वास्तव्ययोग्य’ या पर्यायांतही तोच अर्थ डोकावतो. प्रत्यक्षात वैज्ञानिकांच्या व्याख्येत जीवाचा उल्लेखच नसतो. योग्य वातावरण असलेल्या खडकाळ ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल असे अंतर, एवढेच ती म्हणते. मग पहिल्या तासाला ‘द्रवजल-पट्टा’ असा शब्द वापरून पाहावा काय? रूढ संज्ञा नंतर सांगता येईल.

---

वेधकर्ता

शब्दपारखी, तुम्ही सुचवलेला शब्द अगदी नवा नाही, आणि म्हणूनच मला तो अधिक आवडला. १९५३ साली हार्लो शॅपली यांनी याच कल्पनेसाठी ‘द्रव पाण्याचा पट्टा’ अशा अर्थाचाच शब्दप्रयोग केला होता. त्याच वर्षी ह्युबर्टस स्ट्रुगहोल्ड यांनी ‘इकोस्फिअर’ हा शब्द वापरला. आज रूढ असलेली संज्ञा १९५९ साली सू-शू ह्वांग यांच्या लेखनातून पुढे आली. शॅपली यांचा शब्द टिकला असता तर कदाचित हा धागा काढायची वेळ आली नसती.

---

प्रयोगवही

कृतीविषयी थोडे लिहितो. दिव्याजवळ वेगवेगळ्या अंतरांवर तापमापके ठेवून ‘पट्टा’ शोधण्याचा प्रयोग अनेक ठिकाणी केला जातो. मी तो करताना दोनदा फसलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या वेळी मी एलईडी दिवा वापरला. त्याच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे तापमापकातला पारा ढिम्म हलेना. या प्रयोगाला तारेचा जुना तापदीप्त दिवाच हवा. दुसऱ्या वेळी दिवा बरोबर होता, पण तापमापकांचे फुगे उघडे होते आणि चकाकत होते. फुग्यांना काळा कागद गुंडाळल्यावरच वाचने नीट वेगळी आली. वाचन घेण्याआधी किमान दहा मिनिटे थांबावे लागते, कारण समतोल यायला वेळ लागतो. मुलांनी दर मिनिटाला वाचन लिहिले तर आलेख चढत जाऊन सपाट होताना त्यांना दिसतो, आणि वेधकर्ता यांनी सांगितलेला समतोल शब्दात सांगावा लागत नाही.

त्यानंतर एका तापमापकाच्या फुग्याभोवती काळ्याऐवजी पांढरा कागद गुंडाळून तो अधिक जवळ ठेवावा. जवळचा पांढरा आणि दूरचा काळा यांची वाचने जुळवण्याचा प्रयत्न मुले आपणहून करू लागतात. शुक्राच्या ढगांची ही प्राथमिक ओळख समजावी. मात्र खोलीतली हवाही तापमापकाला उष्णता देते आणि त्याची उष्णता नेतेही. अवकाशात ती नसते, हे मुलांना स्पष्ट सांगावे. नाहीतर दिव्याच्या प्रयोगातून व्यस्त वर्गाचा नियम नेमका मिळत नाही म्हणून मुले नियमावरच शंका घेतात.

---

उत्तररात्र

सर्वांचे मनापासून आभार. शुक्राचा तक्ता आणि काळ्या-पांढऱ्या कागदांचा प्रयोग असे दोन्ही या आठवड्यात केले. ४८ हा आकडा आल्यावर तीन मुलांनी आपले गणित चुकले असे समजून ते खोडले आणि पुन्हा केले.

पण आता नवा प्रश्न उभा राहिला आहे आणि त्याचे उत्तर मला नीट देता आले नाही. एका संदर्भात सूर्याच्या पट्ट्याची आतली कड ०.९९ खगोलीय एककावर दिली आहे (एक खगोलीय एकक म्हणजे पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर). पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्यापासून ०.९८३ एककांवर असते. ‘मग दर जानेवारीत पृथ्वी पट्ट्याच्या बाहेर जाते का?’ असे एका विद्यार्थ्याने विचारले. त्याच्याच शेजारी बसणाऱ्या मुलाला, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असताना उत्तर गोलार्धात हिवाळा असतो, हेच मान्य होईना. अंतरामुळे ऋतू होतात हा जुना गैरसमज पट्ट्याच्या पाठाने मी नकळत बळकट तर करत नाही ना, अशी शंका मला आली.

---

वेधकर्ता

दुसरी शंका रास्त आहे. पट्टा शिकवताना आपण सतत अंतर आणि तापमान यांची जोडी लावतो, त्यामुळे ऋतूंचा पाठ त्याच्या आधी पक्का झालेला असावा. जानेवारी आणि जुलै यांच्यातल्या अंतराच्या फरकामुळे मिळणाऱ्या ऊर्जेत सुमारे ७ टक्क्यांचा फरक पडतो. अक्षाच्या कलामुळे एखाद्या अक्षांशावर पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की गैरसमज बराच निवळतो.

जानेवारीच्या प्रश्नाचे थेट उत्तर असे की ग्रहाच्या हवामानासाठी वर्षभरातली सरासरी ऊर्जा महत्त्वाची असते. समुद्र इतके मोठे आहेत की काही आठवड्यांच्या चढउताराने ते उकळण्याकडे किंवा गोठण्याकडे झुकत नाहीत. पण त्या मुलाने ज्या आकड्यावर बोट ठेवले आहे त्याची गोष्ट त्याला जरूर सांगा, कारण विज्ञानातल्या सीमारेषा कशा आखल्या जातात हे तिच्यातून फार चांगले दिसते.

१९७९ साली मायकेल हार्ट यांनी केलेल्या गणितात सूर्याचा सतत वसतियोग्य राहणारा पट्टा फक्त ०.९५८ ते १.००४ एकक एवढाच निघाला होता. ते खरे मानले तर पृथ्वीसारखे ग्रह विश्वात फारच विरळ ठरले असते. १९९३ साली जेम्स कास्टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन डायऑक्साइडच्या नैसर्गिक नियमनाचा विचार करून ०.९५ ते १.३७ एकक असा सावध अंदाज दिला. २०१३ साली रवि कोप्परापू आणि सहकाऱ्यांनी पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड उष्णता कशी शोषतात याची सुधारित माहिती वापरली, तेव्हा आतली कड ०.९९ वर आणि बाहेरची सुमारे १.७ वर गेली. ही प्रारूपे वातावरणाचा एकच उभा स्तंभ घेऊन केलेली होती आणि ढगांचे वर्तन त्यांत नीट बसवता येत नव्हते. त्याच वर्षी जेरेमी लेकाँत आणि सहकाऱ्यांनी त्रिमितीय प्रारूप वापरले आणि आतली कड पुन्हा ०.९५ जवळ आली. पृथ्वी जिथल्या तिथेच होती. रेषा मात्र आपल्या आकलनाबरोबर सरकत राहिली.

म्हणून माझी एक आग्रहाची सूचना आहे. फळ्यावर पट्टा काढताना कडा ठळक रेषेने काढू नका, खडूने पुसट करत न्या. आणि तो हिरव्या रंगाने रंगवू नका. हिरवा रंग पाहिला की मुलांच्या डोळ्यांसमोर झाडे उभी राहतात.

---

शिळालेखन

वर ‘कार्बन डायऑक्साइडचे नैसर्गिक नियमन’ असा उल्लेख आला आणि चर्चा पुढे गेली. भूविज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला तिथे थांबावेसे वाटते, कारण पट्टा इतका रुंद आहे तो या नियमनामुळेच, आणि पाठ्यक्रमात नेमके हेच गळते.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात विरघळून सौम्य आम्ल होते. ते सिलिकेट खडकांची झीज करते. झिजेतून सुटलेले कॅल्शियमसारखे घटक आणि विरघळलेला कार्बन नद्यांतून समुद्रात जातात आणि तिथे चुनखडीच्या रूपाने तळाशी साचतात. समुद्रतळाचा भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो तेव्हा ही चुनखडी खोल जाते, तापते, आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड ज्वालामुखींतून पुन्हा हवेत येतो.

आता यात तापमानाचा धागा गुंफून पाहा. ग्रह तापला तर पाऊस आणि झीज वाढते, हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि ग्रह निवतो. ग्रह गारठला तर झीज मंदावते, ज्वालामुखी मात्र वायू सोडतच राहतात, वायू साचत जातो आणि ग्रह पुन्हा उबदार होतो. हे सूत्र वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी १९८१ साली मांडले. सूर्यापासून दूर असलेला ग्रहसुद्धा अशा रीतीने अधिक कार्बन डायऑक्साइड साठवून पाणी द्रव ठेवू शकतो. बाहेरची कड तिथे येते, जिथे हा उपाय संपतो : वायू इतका दाट होतो की तो स्वतःच गोठू लागतो आणि सूर्यप्रकाश परतवू लागतो, त्यामुळे आणखी वायू घालून ऊब वाढत नाही. आतल्या कडेवर उलट घडते. पाण्याची वाफ वातावरणात फार उंच पोहोचते, अतिनील किरणांनी तिचे रेणू फुटतात आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो. शुक्राच्या वातावरणात साध्या हायड्रोजनच्या तुलनेत जड हायड्रोजनचे, म्हणजे ड्युटेरियमचे, प्रमाण पृथ्वीच्या शंभर पटींहून अधिक आहे. हलका निसटला आणि जड मागे राहिला. शुक्राने पाणी गमावल्याची ही खूण मुलांना सांगितलीच पाहिजे.

एक सावधगिरी. हे चक्र लाखो वर्षांच्या गतीने चालते. ‘मग आजची तापमानवाढ पृथ्वी आपोआप दुरुस्त करील’ असा निष्कर्ष एखादा विद्यार्थी काढू शकतो, तेव्हा काळाचे परिमाण त्याच वेळी सांगावे.

---

मितभाषी

हे सर्व वाचताना आनंद झाला, पण माझ्या वाट्याला या विषयासाठी दोनच तास येतात. त्यात चौथा घात, खडकांची झीज आणि ड्युटेरियम बसवणे शक्य नाही. मी तीन ग्रहांचा तक्ता आणि चंद्राचा प्रश्न एवढेच घेईन. बाकीचे ज्यांना अधिक वेळ आहे त्यांनी घ्यावे.

---

त्रिज्या

मितभाषी यांच्याशी सहमत आहे. दोन तासांत तेवढे पुरेसे आहे. ज्यांना तिसरा तास मिळेल त्यांनी तो इतर ताऱ्यांसाठी वापरावा असे सुचवते, कारण पट्ट्याची खरी उपयुक्तता तिथेच कळते.

नियम सोपा आहे. सूर्याच्या पट्ट्याच्या कडांना ताऱ्याच्या तेजस्वितेच्या वर्गमुळाने गुणावे. व्याधाचा मुख्य तारा सूर्याच्या सुमारे २५ पट तेजस्वी आहे, म्हणून त्याचा पट्टा पाचपट दूर, म्हणजे आपल्याकडे गुरू आहे त्याच्या आसपास सुरू होतो. प्रॉक्सिमा सेंटॉरी या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याची तेजस्विता सूर्याच्या सुमारे ०.००१६ पट आहे, म्हणून तिथे सर्व अंतरांना ०.०४ ने गुणावे लागते. वर्गमूळ काढता येणारा कोणताही विद्यार्थी हे करू शकतो. ताऱ्याचा रंग बदलला की हरितगृह वायू आणि बर्फ यांचे वर्तन थोडे बदलते, त्यामुळे उत्तर अंदाजे असते, एवढे मात्र सांगावे.

हे आकडे मी जमिनीवर मांडून दाखवते. एक खगोलीय एकक म्हणजे एक मीटर असे प्रमाण घेतले की सूर्य नऊ मिलिमीटरचा मणी होतो. पृथ्वी एक मीटरवर, पट्ट्याची बाहेरची पुसट कड सुमारे १.७ मीटरवर, गुरू ५.२ मीटरवर. आता शेजारी ट्रॅपिस्ट-१ हा लाल खुजा, म्हणजे सूर्याहून खूप लहान आणि मंद, तारा मांडा. तो जेमतेम एक मिलिमीटरचा कण आहे. त्याच्याभोवतीच्या सात ग्रहांची माला २०१७ साली जाहीर झाली आणि त्यांतला पट्ट्यात येणारा ‘ई’ हा ग्रह ताऱ्यापासून तीन सेंटिमीटरपेक्षाही कमी अंतरावर येतो. सातही ग्रह एका तळहातावर मावतात. ‘ई’चे वर्ष सुमारे सहा दिवसांचे आहे आणि त्याच्या आकाशात तो खुजा तारा आपल्याला सूर्य दिसतो त्याच्या जवळजवळ चौपट रुंद दिसेल. याच प्रमाणात प्रॉक्सिमा कुठे ठेवायची असे मुले विचारतात. तिच्यासाठी सुमारे २६८ किलोमीटर चालावे लागेल.

ही मांडणी पाहिल्यावर पुढचा प्रश्न मुलांकडूनच येतो : ताऱ्याला इतके खेटून असणे ग्रहाला मानवते का? इतक्या जवळच्या ग्रहावर ताऱ्याच्या भरतीच्या बलामुळे परिवलन मंदावते, आणि आपला चंद्र पृथ्वीला एकच बाजू दाखवतो तशी ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी असते. लाल खुज्या ताऱ्यांवर तीव्र ज्वाला उसळतात आणि त्यांच्या तारुण्यात त्या अधिक असतात, त्यामुळे ग्रहाचे वातावरण झिजू शकते. २०२३ साली जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ट्रॅपिस्टच्या सर्वांत आतल्या ‘बी’ ग्रहाची दिवसाची बाजू सुमारे ५०० केल्विन तापलेली आढळली. तिथे लक्षणीय वातावरण असल्याची चिन्हे मिळाली नाहीत. तो ग्रह पट्ट्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे पट्ट्याबाहेरच आहे, म्हणून त्यावरून ‘ई’विषयी निकाल देता येत नाही. पण वातावरण आहे की नाही हे दुर्बिणीला विचारावे लागते आणि ते अंतरावरून कळत नाही, हे मुलांना इथे पटते.

---

हिमतळ

आतापर्यंतची सर्व चर्चा पट्ट्याच्या आत फिरते आहे, म्हणून बाहेरची बाजू मांडतो. गुरूजवळ सूर्याची ऊर्जा पृथ्वीच्या सत्ताविसाव्या हिश्शाइतकी असते. तरीही युरोपा या त्याच्या चंद्राच्या बर्फाच्या कवचाखाली खारट समुद्र असल्याचे भक्कम पुरावे आहेत. शनीच्या एन्सेलॅडस या चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळून पाण्याची वाफ आणि हिमकण यांचे फवारे उडताना कॅसिनी यानाने २००५ साली टिपले. तिथली ऊब सूर्याची नाही. कक्षेत फिरताना महाग्रहाच्या कमीअधिक ओढीमुळे चंद्राचा अंतर्भाग सतत मळला जातो आणि त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. युरोपाच्या पाहणीसाठी निघालेले क्लिपर यान ऑक्टोबर २०२४ मध्ये झेपावले आहे.

यावरून पट्टा निरुपयोगी आहे असे मात्र मी विद्यार्थ्यांना सांगत नाही. दूरच्या ताऱ्याभोवतीच्या चंद्राच्या बर्फाखाली काय आहे हे आपल्या दुर्बिणींना दिसणार नाही. पृष्ठभागावरच्या पाण्याचा वातावरणावर होणारा परिणाम मात्र वर्णपटातून ओळखता येण्याची आशा आहे. कुठे आधी शोधावे हे पट्टा सांगतो. जिथे पट्टा नाही तिथे पाणी नाही, असे तो म्हणत नाही.

जाता जाता चित्रांविषयी. बातम्यांतून दूरच्या ग्रहांची जी निळ्या समुद्रांची चित्रे येतात ती चित्रकाराने काढलेली असतात. २०१४ साली जाहीर झालेला केप्लर-१८६एफ हा पट्ट्यात सापडलेला पृथ्वीच्या आकाराचा पहिला ग्रह, पण त्याच्याविषयी प्रत्यक्ष मोजलेले काय होते? तो ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश किती मंदावला आणि किती दिवसांनी पुन्हा मंदावला, एवढेच. ते आलेख आधी दाखवावेत आणि चित्र नंतर. माझ्या अनुभवात या क्रमाने मुले चित्राला अधिक चांगले प्रश्न विचारतात.

---

उत्तररात्र

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे. ‘द्रवजल-पट्टा’ हा शब्द पहिल्या तासाला वापरला, कडा पुसट काढल्या, जमिनीवर मणी मांडले. चाचणीत व्याख्या विचारली नाही. एका काल्पनिक ग्रहाचे अंतर, ताऱ्याची तेजस्विता आणि ग्रहाचे वस्तुमान दिले आणि विचारले : तो पट्ट्यात आहे काय, आणि तिथे पाणी असेल असे म्हणण्यासाठी तुम्हाला आणखी काय मोजावे लागेल? बहुतेकांनी वातावरणाचा दाब आणि घटक मागितले. दोघांनी ताऱ्याचे वय मागितले, आणि ते आम्ही वर्गात शिकलोच नव्हतो. ‘तारा आधीपासून एवढाच तेजस्वी होता काय?’ असे त्यांनी पुढे लिहिले होते. त्यांना काय द्यावे?

---

वेधकर्ता

त्यांना मंगळ द्या. सूर्याची तेजस्विता जन्माच्या वेळी आजच्या सुमारे ७० टक्के होती आणि ३८० कोटी वर्षांपूर्वी सुमारे ७५ टक्के. त्रिज्या यांच्या वर्गमुळाच्या नियमाने तेव्हाची बाहेरची कड काढायला सांगा : १.७ गुणिले ०.८७, म्हणजे साधारण १.४८ एकक. मंगळ १.५२ वर आहे. म्हणजे ज्या काळातल्या नद्यांची पात्रे आणि सरोवरांचे गाळ मंगळावर आजही दिसतात, त्या काळात तो या गणिताने पट्ट्याबाहेर होता, आणि आज पट्ट्याच्या आत असताना तो कोरडा आहे. पृथ्वीच्या जेमतेम ११ टक्के वस्तुमानाच्या त्या ग्रहाला आपले चुंबकीय क्षेत्र आणि हवा राखता आली नाही. हवा अजूनही निसटते आहे हे २०१४ साली मंगळाभोवतीच्या कक्षेत पोहोचलेल्या मेव्हन यानाने मोजले. सुरुवातीच्या काळात मात्र तो इतका उबदार कसा राहिला, यावर संशोधकांत आजही मतभेद आहेत. हायड्रोजनमिश्रित दाट हवा, ज्वालामुखी, अशनींचे आघात अशी वेगवेगळी कारणे मांडली जातात.

त्यानंतर पुढचा काळ द्या. सूर्य दर शंभर कोटी वर्षांना सुमारे १० टक्क्यांनी तेजस्वी होतो. आतली कड आज ०.९५ वर मानली तर शंभर कोटी वर्षांनी ती कुठे असेल, हे त्या दोघांना काढू द्या. उत्तर त्यांना आधी सांगू नका.

---

उत्तररात्र

त्यांनी मधल्या सुट्टीतच काढले. ०.९९६ आले. ‘म्हणजे आपल्या दारात,’ असे एकाने म्हटले आणि दुसऱ्याने लगेच विचारले की मग मंगळाची हवा तोपर्यंत टिकवता आली असती तर काय झाले असते. तक्त्यात मी आता काळाचा स्तंभ वाढवला आहे. मंगळाची ओळ भरून झाली की तक्ता इथे जोडते.